शिवलीला हत्तुरे हिचा आगाऊ सत्कार

जगात कागदावाचून काही हलत नाही आणि कागद नीट असेल तर काही अडत नाही, या दोन वाक्यांच्या बळावर गुरुसिद्धप्पा हत्तुऱ्यांनी सरकारी कचेरीत उभी हयात काढली आणि हेडक्लार्क होऊन ते निवृत्त झाले. त्यामुळे इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबानं त्यांच्या मुलीला, शिवलीलाला, खेळायला बोलावलं, तेव्हा बायको जगदेवी देवापुढं साखर ठेवत होती आणि अप्पा चष्मा पुसत विचारत होते, "कागद काय काय लागतात?"

शिवलीला गोलकीपर. सोलापुरात पोरगी फुटबॉल खेळते असं सांगितलं की लोक "असं व्हय?" म्हणतात, आणि गोलकीपर आहे म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव येतात. "म्हंजे पळायचं न्हाय तिला, नुसतं उभारायचं!" पण नुसतं उभारून कोणी भारताच्या संघापर्यंत जात नाही. पोरगी खेळ शिकली ती विजापूर रोडकडच्या एका शाळेच्या मैदानावर, आणि ते मैदान म्हणजे निव्वळ मुरूम. गवतावर अंग टाकणारे गोलकीपर जगात पुष्कळ आहेत. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या मुरमावर रोज संध्याकाळी अंग टाकणारी ही एकच असावी. जगदेवीनं तिच्या कोपरांना इतकी हळद लावली, की लग्नात लावायला आता शिल्लक राहणार नाही असं ती म्हणायची. त्या मुरमावरून पोरगी बेंगळुरूच्या क्लबात गेली, तिथून देशाच्या संघात. खरं सांगायचं तर असली पोरगी हत्तुऱ्यांच्या घरात जन्माला यायचं काहीच कारण नव्हतं. त्या घरात आजवर सगळ्यात लांब उडी मारली ती अप्पांनीच, आणि तीसुद्धा खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर.

"कागदानं होत नाही, अप्पा," शिवलीला म्हणाली. "गुण लागतात."

"बारावीचे?"

"बारावीचे कशाला? बाहेरच्या खेळाडूला तिथं खेळायचं असलं की परवानगी लागते. त्यासाठी गुण मोजतात. आपल्या देशाचा जगात नंबर वरचा असला की गुण मिळतात. देशाकडून सामने जास्त खेळले असले की मिळतात. आधी मोठ्या लीगमध्ये खेळलं असलं की मिळतात."

"आणि खेळाचे?"

"खेळाचे असे वेगळे नसतात."

अप्पांनी चष्मा घातला. "बरं, मग आपला नंबर वरचा का न्हाय?"

"आपले खेळाडू मोठ्या लीगमध्ये खेळत नाहीत म्हणून."

"का खेळत न्हाईत?"

"परवानगी मिळत नाही म्हणून."

"का मिळत न्हाय?"

"आपला नंबर वरचा नाही म्हणून."

अप्पा हळूहळू खुर्चीतून उठले. रागावून नव्हे, भक्तिभावानं. घराच्या उताऱ्याला लाइट बिल मागायचं आणि लाइट बिलाला घराचा उतारा मागायचा, हा नियम त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं लावला होता. पण अख्ख्या देशाला उंबऱ्याबाहेर उभं करून असं गोल फिरवायचं, हे त्यांच्या मोठ्या साहेबालाही सुचलं नसतं. "काय डोकं हाय!" ते म्हणाले. "ज्यानं काढला त्याला नमस्कार केला पायजे." असा नमस्कार करून झाल्यावर ते कामाला लागले.

कारण अशा चक्रावर कचेरीत एक हमखास तोड होती: जाड फाइल. फाइल इतकी जाड करायची, की साहेबाला ती वाचण्यापेक्षा तिच्यावर सही करणं सोपं जावं. शिवलीला सांगत होती, की अर्ज क्लबानंच करायचा असतो, घरच्यांनी काही पाठवायचं नसतं. अप्पा हसले. घरच्यांनी काही पाठवायचं नसतं असं सगळ्याच कचेऱ्यांत लिहिलेलं असतं.

फाइल वाढू लागली. जन्माचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वर्तणुकीचा दाखला. 'सदर मुलगी माझ्या चांगल्या परिचयाची असून ती होतकरू आहे' अशी दोन पुढाऱ्यांची शिफारसपत्रं, ज्यांतल्या एका पुढाऱ्यानं तिचं नाव शिवलिंग असं घातलं होतं. शिवलीला लहान असताना सुदृढ बालक स्पर्धेत दुसरी आली होती, ते प्रशस्तिपत्रकही अप्पांनी लावलं, कारण शेवटी मुद्दा शरीरसंपदेचाच होता. प्रत्येक पानावर साक्षांकनाचा शिक्का. असं ते बाड इंग्लंडच्या फुटबॉल कचेरीला पोस्टानं रवाना झालं.

शेजारी यादगिरी दुडम राहत. त्यांचं चादरी-टॉवेलांचं दुकान, घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि मत प्रत्येक विषयावर. ते म्हणाले, "साहेब, आमच्या धंद्यात पण असंच हाय. बाहेरदेशी माल पाठवायचा म्हटलं की विचारतेत, आधी कुठल्या बाहेरदेशी पाठवलाव? न्हाय पाठवलाव म्हटलं की म्हणतेत, मग कसं घ्यावं? मी म्हटलं, बाबा, चादर तर बघ! चादर कोण बघतंय?"

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? पोरीच्या लग्नात आहेर म्हणून वाटल्या."

हे उदाहरण अप्पांना फारसं धीर देणारं वाटलं नाही.

इंग्लंडहून अत्यंत नम्र भाषेत ईमेल आला. कागद मिळाले, आभारी आहोत, पण अर्ज फक्त क्लबाकडूनच विचारात घेतला जातो. आता कोणीही याला नकार म्हटलं असतं. अप्पांच्या कचेरीत याला 'पोच' म्हणत. पोच आल्यावर रिवाजाप्रमाणं त्यांनी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं, मग क्रमांक दोन. क्रमांक तीन गेल्यावर क्लबाच्या कोचबाईंचा शिवलीलाला फोन आला. मिस्टर हत्तुरे हे आपल्या क्लबाचे कोण लागतात, असं कचेरीनं त्यांना विचारलं होतं. शिवलीलानं वडील आहेत असं सांगितलं. त्यावर कोचबाई म्हणाल्या, की माझे वडीलही असेच होते. या कोचबाई भल्या होत्या. शिवलीलाचे सामने त्यांनी पुन्हापुन्हा बघितले होते. गुण भरत नसले तरी खास बाब म्हणून विचार करावा, असा अर्ज त्यांनी भांडून पुढं सरकवला होता.

"खास बाब!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. हा शब्द त्यांना ओळखीचा होता. त्यांच्या मते खास बाब म्हणून वर गेलेली फाइल कधी नापास होत नसते, तिला फक्त उशीर होतो.

हा शब्द जगदेवीनं भाजीवालीला सांगितला, भाजीवालीनं गल्लीला, आणि गल्लीतून तो दिग्विजयपर्यंत पोचला. दिग्विजय हा प्रभागाचा भावी नगरसेवक. हे पद त्यानं स्वतःच फ्लेक्सवर छापून घेतलं होतं आणि बरीच वर्षं, प्रभाग बदलून का होईना, तो ते निष्ठेनं सांभाळत होता. संध्याकाळी तो चार कार्यकर्त्यांसह हजर झाला.

"काका, सत्कार घ्यायचा."

"अरे, परवानगी अजून यायचीय."

"येतीच की! परवानगी आल्यावर ताई विमानात बसणार. मग सत्कार काय खुर्चीचा करायचा? माणूस हितं हाय तवरच हार घालून घ्यावा लागतोय, काका."

सोलापुरात सत्काराला कारण लागतं हे खरं, पण ते कारण घडून गेलेलं असलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. शिवलीला "नको, नको" म्हणत राहिली. पण मुलगी लाजते असा त्याचा अर्थ निघाला आणि मंगल कार्यालय ठरलं. अप्पांनाही आतून बरं वाटत होतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना जो हार घातला गेला होता तो आधी दुसऱ्या एकाच्या गळ्यात पडून आला होता, आणि ती गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती.

दोन दिवसांत आसरा चौकात फ्लेक्स लागला. 'सोलापूरची वाघीण निघाली इंग्लंडला!' वर नेत्यांच्या चेहऱ्यांची एक रांग, खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा, उजवीकडं हात जोडलेला दिग्विजय पुरुषभर उंच आणि डाव्या कोपऱ्यात शिवलीला. तिचा खेळतानाचा फोटो कोणाकडं नव्हता. म्हणून फ्लेक्सवाल्यानं चुलतभावाच्या लग्नातला तिचा चेहरा घेतला, नथीसकट, आणि तो कुठल्याशा परदेशी फुटबॉलपटूच्या धडावर बसवला. तो पुरुष होता. त्याच्या मांड्यांवर भरघोस केस होते.

"अव्वा, हे बघ," शिवलीला मोबाइल पुढं करत म्हणाली.

जगदेवीनं फोटो निरखला. "नथ चांगली दिसालीय," ती म्हणाली.

सत्काराच्या दिवशी जगदेवीच्या माहेरचे, अक्कलकोटचे पाहुणे दुपारीच आले. अप्पांनी ठेवणीतला कोट काढला. कार्यालयाच्या मागच्या खोलीत शिवलीलाला फेटा बांधायचं काम चाललं होतं. निम्मा फेटा डोक्यावर आणि निम्मा फेटेवाल्याच्या हातात असताना तिचा फोन वाजला. कोचबाई होत्या. शिवलीलानं सगळं ऐकून घेतलं, मान ताठ ठेवून. "थँक यू, कोच," एवढंच म्हणाली आणि फोन मांडीवर ठेवला.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"नाही म्हणाले. देशाचा नंबर बसत नाही, आणि मी देशाकडून सामने कमी खेळलेय. आमच्यात दोघी सिनियर कीपर आहेत, अप्पा. गोलात एकीलाच उभं राहता येतं."

फेटेवाल्यानं हातातलं फेट्याचं टोक वर धरून विचारलं, "मग सोडू का बांधू?"

"बांधा," अप्पा म्हणाले.

बाहेर लोक जमत होते, सनई वाजत होती, शिऱ्याचा वास सुटला होता. अप्पांच्या आयुष्यात कागदानं असा दगा कधी दिला नव्हता. ते लेकीच्या कानाशी वाकले. "प्रलंबित म्हणू."

"नामंजूर झालंय, अप्पा."

"अपील करू. अपील केलं की प्रलंबित होतंय. प्रलंबित हे खोटं नसतंय, लीला. मी तीस वर्षं लिहिलोय."

शिवलीलानं फेटा सावरला. तिला स्टेजवर नेऊन बसवलं. दिग्विजयनं भाषण केलं. ताईंना मी लहानपणापासून मैदानावर घडताना पाहिलंय, असं तो म्हणाला, वास्तविक तो या प्रभागात राहायला येऊन जेमतेम दोन पावसाळे झाले होते. मग त्यानं हार उचलला. तेवढ्यात शिवलीला उठली आणि तिनं माइक हातात घेतला. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"हार घालायच्या आधी एक सांगते," ती म्हणाली. "आत्ता फोन आला होता. मला परवानगी दिली नाही. मी इंग्लंडला चाललेली नाही."

सनईवाला वाजवायचा थांबला.

"मी वाईट खेळले म्हणून नाही म्हणाले असते, तर मी हितं थांबलेच नसते, सरावाला गेले असते. पण माझा खेळ त्यांनी बघितलाच नाही. आपल्या देशाचा नंबर बघितला आणि मिटवलं. खालच्या नंबरच्या देशातल्या सगळ्याच पोरापोरींचं असं होतं. म्हणून रडायचं नाही असं ठरवलंय. मघाशी रडले असते, पण फेटा बांधत होते, मान हलवायची सोय नव्हती. तुम्ही सगळे आलात, लई बरं वाटलं. आता हार परत ठेवायचा असला तर ठेवा."

दिग्विजय हार धरून तसाच उभा. भावी नगरसेवकाकडं प्रत्येक प्रसंगाचं वाक्य तयार असतं, पण नापास झालेल्या माणसाच्या सत्काराचं वाक्य त्याच्याकडं नव्हतं. अप्पांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना अक्कलकोटचे पाहुणे एकमेकांकडं बघताना दिसले, आणि जमीन दुभंगली तर बरं होईल असं त्यांना वाटलं.

जमीन दुभंगली नाही. जगदेवी उठली. आयुष्यात ती कधी स्टेजवर चढली नव्हती. स्वतःच्या लग्नातही पाटावरच बसली होती. पदर खोचून ती पायऱ्या चढली, दिग्विजयच्या हातातून तिनं हार काढून घेतला आणि लेकीच्या गळ्यात घातला. मग माइक नेमका कुठं आहे ते न कळून ती फुलदाणीकडं तोंड करून मोठ्यानं बोलली.

"त्यांनी खेळ बघितला न्हाय म्हणे. मी बघितलाय. कोपरं मी पुसलीत हिची."

पहिली टाळी यादगिरी दुडमांनी वाजवली. मग पुढं येऊन त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली आणि आपल्या दुकानातली चादर शिवलीलाच्या खांद्यावर टाकली. "सोलापुरात अंगावर घातलेली चादर कोण परत घेतंय का?" ते म्हणाले. मग टाळ्या थांबेनात. अक्कलकोटचे पाहुणेसुद्धा उभे राहिले. अप्पांना आपल्या बायकोचा आणि लेकीचा एवढा अभिमान वाटला की कोटाची गुंडी लावावी की डोळे पुसावे हे त्यांना समजेना. दोन्ही करताना गुंडी तुटली.

या गडबडीत दिग्विजयला वाक्य सापडलं. "इंग्लंडचा जाहीर निषेध!" तो गरजला. लगेच ठराव मांडला गेला, हात वर झाले, ठराव एकमतानं मंजूर झाला. सोलापूरनं इंग्लंडचा निषेध केला आणि सगळे शिरा-भजी खायला गेले. परवानगी न मिळाल्याबद्दलचा सत्कार गावात पहिलाच होता आणि तो फार चांगला झाला, असं लोक अजूनही सांगतात.

पण सत्कारानं पोट भरतं, पोरीचं वय थांबत नाही. दुसऱ्या दिवसापासून शिवलीला पहाटेच मुरमावर जाऊ लागली, आणि अप्पा गच्चीतून तिच्या जाण्याकडं बघत बसू लागले. कागदावरचा त्यांचा विश्वास उडाला होता आणि त्याच्या जागी ठेवायला त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं. आलेल्या-गेलेल्याला ते एकच ऐकवत, "नंबर बघतेत हो, नंबर! माणूस बघत न्हाईत!" हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा आणि ऐकणाऱ्याला चहा मिळायचा.

एका दुपारी शिवलीला घाईघाईनं घरात आली. इंग्लंडच्या कोचबाईंनी हार मानली नव्हती. उत्तरेकडच्या समुद्रातल्या कुठल्याशा बेटांवर त्यांची एक मैत्रीण क्लब चालवत होती. तिला गोलकीपर हवी होती. तिथं कोणी गुण मोजत नव्हतं. तिनं शिवलीलाचे सामने बघितले होते आणि ये म्हणाली होती. तिथं पूर्ण वेळ गोलात उभं राहता येणार होतं. तिथून पुढं मोठ्या लीगची वाट निघाली तर निघाली.

"गाव केवढं हाय?" अप्पांनी सावधपणे विचारलं.

"गाव नाही, देशच आहे तेवढा. माणसं अकलूजएवढी असतील. मेंढरं त्यापेक्षा जास्त आहेत म्हणे."

"म्हंजे सांगोल्यागत," जगदेवी म्हणाली. तिला ते बेट एकदम जवळचं वाटलं.

"आणि फुटबॉलमधी नंबर कितवा त्यांचा?"

"आपल्या खाली."

अप्पांचा चेहरा उतरला. "आपल्या खाली?" ते म्हणाले. "मग तिथं जाऊन काय करणार? अगं, इंग्लंडनं बोलावलेली पोरगी तू. लोक काय म्हणतील? जायचं तर जरा नंबर बघून..."

शिवलीला त्यांच्याकडं बघत राहिली. चिडली नाही, हसलीही नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही त्यांचा खेळ बघितलात का?"

कचेरीतल्या इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं जागच्या जागी बसवलं नव्हतं. जगदेवीनं शेंगा सोलायचं थांबवलं आणि नवऱ्याकडं बघितलं. मग अप्पा खाकरले आणि बारीक आवाजात म्हणाले, "हाय का व्हिडिओ?"

शिवलीलानं मोबाइल त्यांच्यासमोर तांब्याला टेकवून ठेवला. हिरव्या डोंगराच्या कुशीत एक लहानसं मैदान होतं. पाऊस आडवा लागला होता, वाऱ्यानं चेंडू भलतीकडंच जात होता. बघायला मूठभर माणसं उभी होती आणि कुंपणापलीकडं खरोखरच मेंढरं चरत होती. त्या चिखलात पोरी जिवाच्या आकांतानं धावत होत्या. पडत होत्या, उठत होत्या, पुन्हा धावत होत्या. अप्पा सुरुवातीला हाताची घडी घालून बसले होते. मग घडी सुटली. मग ते पुढं सरकले. एका पोरीनं दोघींना चकवून चेंडू पुढं काढला तेव्हा त्यांच्या तोंडून "यप्पा!" असं निघून गेलं. मध्यंतराला जगदेवीनं चहा ठेवला, तो निवून गेला.

सामना संपत आला असताना पलीकडच्या संघानं लांबून एक साधा फटका मारला. बेटवाल्यांच्या कीपरनं अंग टाकायला उशीर केला आणि चेंडू तिच्या हाताखालून जाळ्यात गेला. त्यांच्या पोरी चिखलात मटकन खाली बसल्या.

अप्पा ताडकन उठले. "अरारा! घालवली की!" ते ओरडले, आणि लेकीकडं वळून म्हणाले, "ह्या पोरींना तू पायजेस, लीला. जा बाई लवकर."